पाखाडीच्या जेवणाचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. जेवणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी तुम्हांला खालून पाहिले आहे. तोंडे आ वासलेली, हात पुढे, आणि ‘वाढ, अजून वाढ!’ दुसरे काही तुम्हांला सुचतच नाही.

चौलच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. माझ्या पोटात आठ पायल्या तांदूळ सहज शिजतात. रेवदंड्याजवळच्या एका पाखाडीने, म्हणजे पंचेचाळीस-एक घरांच्या वस्तीने, मला विकत घेतले. बारशी, लग्ने, उत्तरकार्ये, सगळी माझ्यावर पार पडली. जेवताना लोक ‘काय टोप आहे!’ म्हणत. हात धुतले की मला कोणी ओळखत नसे. कल्हई करायची वेळ आली की सगळ्यांना एकदम शेतावर काम निघे.

एकोणीसशे एकतीस साली पाखाडीच्या शाळेवरचा पेंढा जाऊन कौले आली. त्या आनंदाचे गावजेवण ठरले. मास्तरांनी निमंत्रणाचे आणि जेवणाचे सगळे काम मुलांवर सोपवले. मला हसू आले. ज्यांना शेंबूड पुसता येत नाही, ती पाखाडी जेवू घालणार!

त्या मुलांत राही नावाची एकच मुलगी होती, पाचवीतली. तिचा बाप भागोजी, भातशेती करणारा. त्याने तिला बजावले होते, “ह्ये जेवान नीट निभावलंस, तर फुडं शिक. न्हायतर पाटी-दप्तर माळ्यावर.”

राहीने दारोदार जाऊन चुली मोजल्या. पंचेचाळीस भरल्या. निमंत्रण ‘घरटी एक’ द्यायचे, म्हणजे प्रत्येक घरातून एकच माणूस. वर पंधरा पाहुणे धरून साठ पाने. तिने चार पायल्या तांदूळ काढले आणि आदल्या दिवशी शेजारच्या मनुबाईबरोबर वाल सोलायला बसली. हिशेब चोख होता. मी मनातल्या मनात तिला मान दिला. तसे मी सहसा करत नाही.

त्याच वेळी मोरू आणि सदा हे तिच्याच वर्गातले दोन शहाणे थाळी बडवत पाखाडीभर निमंत्रण देत फिरत होते. ‘घरटी एक’ म्हणायची त्यांना लाज वाटली. कंजूषपणा दिसेल! म्हणून त्यांनी दारोदार ओरडून सांगितले, “उद्या शाळेत जेवान! चूलबंद!” चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचे. असे निमंत्रण सावकाराच्या लग्नात देतात. पण रिकाम्या थाळीला आवाज मोठा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडशे माणसे आली. राहीचा चेहरा पांढरा पडला. तिने मोरूकडे पाहिले. मोरू लाकडांच्या ढिगामागे गेला, सदा आधीच तिथे होता. भित्रे कुठले!

पहिली पंगत बसली. नारळाच्या वाडीचे मालक रावजी घरची नऊ माणसे घेऊन पुढे बसले. कौलांसाठी त्यांनी एक पैही दिली नव्हती. त्यांनी तीनदा भात मागून घेतला आणि अर्धा पानात टाकून ढेकर दिला. दुसरी पंगत उठली तेव्हा माझ्या तळाला खरवड तेवढी उरली होती. तिसऱ्या पंगतीत लोक कोऱ्या पत्रावळींपुढे बसले होते. यजमानाच्या घरचे शेवटी बसतात, म्हणून भागोजी त्यांत होता.

राही पुढे आली. “चूक आमची हाय. निमंतरान चुकीचं ग्येलं. भात संपला.” तिने कोणाचे नाव घेतले नाही.

“पोरीच्या हाती कारभार दिला की असंच व्हनार!” रावजी विडा चघळत म्हणाले.

लोक हसले. भरल्या पोटाचे अधिक हसले. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा वीट आला.

भागोजी उठला. मला वाटले, संपले हिचे शिक्षण. त्याने उष्ट्या पानांच्या ढिगातले रावजींचे, अर्धा भात टाकलेले पान सगळ्यांना दाखवले आणि तो म्हणाला, “माझ्या घरातनं मी येकलाच आलोय. हिची आय घरी चूल पेटवून जेवली. हिनं चुली मोजल्या, रावजी. तुमची पोटं कशी मोजनार?”

मग तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याने माझ्या तळाची करपलेली खरवड उलथन्याने काढली, पत्रावळीवर घेतली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

“उद्या शाळंत जा,” तो राहीला म्हणाला.

लोक कुरकुरत चुली पेटवायला गेले. राहीने एकटीने मला राख आणि काथ्या लावून घासले.

आता मी शाळेच्या कोपऱ्यात पडून आहे. कल्हई उडाली आहे, आत हिरवा गंज धरतो आहे. मित्रांनो, मला कल्हई करा, नाहीतर माझ्यातले अन्न कळकेल, बाधेल आणि दोष पुन्हा मलाच द्याल. जेवायला याल तेव्हा पुरेल तेवढेच घ्या. आजवर माझ्या पोटातले अन्न हजारो माणसे जेवली. आठवण ठेवावी असा जेवणारा मला एकच भेटला, आणि त्याच्या पानात फक्त खरवड होती.