शून्य दिवसांची रजा

पेशींना रविवार कळत नाही. दर दुसऱ्या दिवशी त्यांच्या बशीतलं लालसर पोषकद्रव उपसायचं आणि ताजं घालायचं. एक खेप चुकली की त्या उपाशी लेकरासारख्या आक्रसतात, मग तळ सोडून तरंगायला लागतात. अकरा वर्षं तिनं हे केलं होतं. आधी डॉक्टरेटसाठी, मग डॉक्टरेटनंतर. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत.

ताईचं काम जाळीचं. रेशमातल्या प्रथिनापासून केसाहून बारीक धाग्यांची जाळी करायची, तिच्यावर कातडीच्या पेशी रुजवायच्या आणि भाजलेल्या माणसाच्या अंगावर ती पांघरता येईल का ते बघायचं. पेशी एकमेकींना हाका मारतात. त्यांना तोंड नसतं, म्हणून रसायनांनी बोलतात. जखमेच्या अलीकडची हाक घालते आणि पलीकडची सरकत सरकत येते. इतरांच्या जाळ्यांत ही हाक मधल्यामधे विरायची. ताईच्या जाळीत ती पोचली. एकविसाव्या दिवशी दोन्ही काठ एकमेकांना भिडले.

त्या दिवशी तिचा मुलगा दोन महिन्यांचा होता. आता तो सहा वर्षांचा होता, आणि ताई कार्यालयातल्या कारकून बाईंच्या टेबलासमोर उभी होती.

स्वतःची प्रयोगशाळा उभी करायला मिळणारं अनुदान होतं ते. अर्ज आज पाचच्या आत जायला हवा होता. अट एकच होती, डॉक्टरेट होऊन सात वर्षांहून जास्त झालेली नकोत. ताईला सात वर्षं दोन महिने झाले होते. पण नव्या धोरणानं आयांना एक वर्षाची सूट दिली होती. ते वाचून तिला वाटलं होतं, कुणीतरी वर बसलेलं का होईना, आपली आठवण काढली.

"बाळंतपणाच्या रजेचा आदेश?" बाईंनी हात पुढे केला.

"तो नाहीये. मी रजा घेतलीच नव्हती."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग मूल काय पोस्टानं आलं?"

"जन्मदाखला आहे ना बाई!"

"दाखला पोराचा. सूट रजेची. नियमात लिहिलंय, रजेचा आदेश जोडावा. मी नाही लिहिलं."

बाळंतपणाच्या वेळी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले होते, "कागदावर रजा घेतलीस तर तुझी शिष्यवृत्ती थांबेल. तू जमेल तशी ये-जा कर. मी आहे ना." तिला तो उपकार वाटला होता. पाचव्या आठवड्यात ती येऊ लागली. सासूबाई बाळाला घेऊन तळमजल्यावरच्या बाकावर बसायच्या. ताई पेशींना भरवून खाली यायची, हातमोजे काढून बाळाला पाजायची आणि पुन्हा वर पळायची. सासूबाई मांडी हलवत, तिला ऐकू जाईल अशा बेतानं गुणगुणायच्या,

"आई काचेच्या घरात, पाजी कुणाच्या लेकरा,
माझ्या मांडीत तान्हुला, शोधी आईच्या पदरा."

टोमणा होता, पण बाळ झोपायचं. त्या दिवसांत झोप मिळायची ती फक्त त्यालाच.

आणि आता धोरण म्हणत होतं की जिनं काम सोडून घर धरलं तिला सूट देऊ. जिनं दोन्ही ओढलं तिच्यासाठी अर्जात रकानाच नव्हता.

ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी ऐकून घेतलं आणि हसले. "एवढंच ना! मागच्या तारखेचा आदेश काढू. सहा महिन्यांची रजा. माझी सही, बाईंचा शिक्का. तोंड काय पाडतेस?"

ताईचे खांदे सैल पडले. पाप तर पाप, पण ते केवढंसं! मूल खरं होतं, कळा खऱ्या होत्या, फक्त कागद खोटा. तिनं कोरा नमुना ओढला आणि तारीख लिहायला घेतली. अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"सर, जाळीचा एकविसावा दिवस ह्याच तारखांत येतो."

"मग?"

"पेशींच्या कपाटाच्या नोंदवहीत दर दुसऱ्या दिवशी माझी सही आहे. रजेवरची बाई प्रयोग कसा करत होती? उद्या कुणी विचारलं तर सगळी जाळीच खोटी ठरेल."

सरांनी पेपरवेट फिरवला. "त्या दिवसांची निरीक्षणं मी केली असं दाखवू. लेखात तुझं नाव आहेच की. पहिलं नसेल, दुसरं असेल."

आड आणि विहीर एकाच अंगणात असावीत तसं तिला झालं.

"म्हणजे मूल माझं म्हणायचं तर जाळी तुमची. जाळी माझी म्हणायची तर मला मूल झालंच नाही."

"तू शब्दांत पकडतेस बघ. जरा व्यवहार पाहा."

"तोच पाहतेय."

"तेव्हा मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं."

सगळ्यात वाईट हेच होतं की ते खरं होतं. समोरचा माणूस भलं चिंतणारा असला की राग कुठं ठेवावा कळत नाही.

"मग तेवढंच लिहून द्या सर. मी सांगितलं म्हणून हिनं रजा घेतली नाही, असं. दोन ओळी."

सर फोनकडे बघू लागले. "ते मी कसं लिहिणार?"

नमुना तसाच टेबलावर ठेवून ती उठली. चार वाजले होते. तिनं नोंदवहीच्या त्या पानांच्या प्रती काढून आणल्या. तिची सही पाचव्या आठवड्यात वाकडी होती, आठव्यात कॉफी सांडलेली. तिनं प्रती मूळ वहीसकट बाईंपुढे ठेवल्या.

"ह्या खऱ्या प्रती आहेत असा शिक्का मारून द्याल?"

बाईंनी पान न् पान चाळलं. एका तारखेवर बोट ठेवून त्या काहीतरी मोजत राहिल्या. "पोर केवढं होतं गं?"

"अडतीस दिवसांचं."

बाईंनी शिक्के मारले. "ह्यानं काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही हे."

'रजेचे दिवस' या रकान्यात ताईनं शून्य लिहिलं. खुलाशाच्या चौकटीत लिहिलं, 'मूल झाले. काम थांबवले नाही. पाने जोडली आहेत.' पाचला सात मिनिटं असताना अर्ज गेला.

आठव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. 'रजेचा आदेश जोडलेला नसल्याने आपण अपात्र आहात.' पानं कुणी उघडली होती की नाही, देव जाणे. सर जिन्यात भेटले. फार वाईट झालं म्हणाले, आणि त्यांना ते वाटतही होतं. त्यामुळं तिला आणखीनच चीड आली.

दुपारी मुलाच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. ती कार्यालयात गेली आणि तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मागितला.

मागून सर आले. "अगं, तास-दोन तासांचं काम. नुसती जाऊन ये की. अर्ज कशाला?"

"नोंद असू दे."

"कारण?" बाईंनी विचारलं.

"मूल, असं लिहिते."

"आज पेशींचा दिवस आहे," सर हळूच म्हणाले.

"हो. साडेचारला त्यांना खायला लागेल." तिनं कपाटाची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "तुम्ही निरीक्षणं करणारच होता ना सर?"

मग अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. खिसे चाचपूनही सरांना पेन सापडेना. तिनं आपलं पुढं केलं आणि त्यांची सही होईपर्यंत तिथंच उभी राहिली.