ताबा

...तो टूथब्रशच होता. बाबांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीतून त्याचा हिरवा दांडा बाहेर डोकावत होता आणि दीक्षा मघापासून त्याच्याकडेच बघत होती — नोंदणी कार्यालयात माणूस टूथब्रश घेऊन का येईल, हा प्रश्न तिला पडत होता आणि पंख्याच्या घरघरीत विरघळून जात होता. बक्षीसपत्र झालं की बाबांचं जरीपटक्यातलं घर तिचं. भाऊ, पियुष, बुटीबोरीला कारखान्याजवळ राहणारा. त्याला ते नको होतं. सगळं कसं सरळ होतं.

"नत्थूजी, अंगठा ठेवा," कारकून बाबांना म्हणाला.

यंत्राने अंगठा ओळखला नाही. पुन्हा नाही. या रेषा आईच्या पोटातच उमटतात, मरेपर्यंत बदलत नाहीत, असं ती कॉलेजात शिकवायची... पण गिरणीत तीस वर्षं तुटलेलं सूत जोडता जोडता बाबांच्या रेषा झिजून गेल्या होत्या, आणि लहानपणी तापात तो अंगठा कपाळावरून फिरायचा तेव्हा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, थंड लागायचा... ओळखूच नये यंत्राने, असं तिला क्षणभर वाटलं. का, ते कळलं नाही. चौथ्या खेपेला, ओल्या रुमालाने पुसल्यावर, दिवा लागला.

बाहेर कडुनिंबाखाली बाबा थांबले.

"बुटीबोरीची बस इथूनच भेटते ना वं?"

"बुटीबोरीला? आत्ता कशाला?"

"कशाले म्हंजे? वकिलानं वाचलं नाही का, ताबा आजच दिला आहे म्हणून? मंग आता तिथं मी काहून राहू? गिरणीची खोली सोडली तवा दिवस मावळायच्या आत ताबा देल्ला होता आम्ही. तुही माय चूल सारवून निघाली होती." त्यांनी पिशवी थोपटली. "लुंगी घेतली, चष्मा घेतला. खाट रायली. ते तुले होईल."

"बाबा, ती नुसती लिहायची पद्धत असते. तुम्ही तिथेच राहायचंय."

"सही करायची अन् तसं वागायचं नाही?" ते हसले. "मास्तरीण हायेस तू, अन् मलेच खोटं शिकवून राहिली काय?"

तिला हसता आलं नाही. कितीतरी दिवस ती मनात एक खोली रचत होती — घरातली समोरचीच, बाबांची. भिंतभर पुस्तकं, पूर्वेच्या खिडकीशी टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, सकाळचं तिरपं ऊन... त्या खोलीत ती इतकी वावरली होती की फरशीचा गारवासुद्धा तिला पाठ होता. आता ती घाईने मनातल्या त्या खोलीत पुन्हा शिरली, बाबांची खाट मांडायला. खिडकीशी टेबल. भिंतीला पुस्तकं. तिने खाट काढून टाकली होती असंही नाही. खाट तिथे कधी नव्हतीच — आणि काचपट्टीवरचा कणही नजरेतून सुटू न देणाऱ्या तिला हे इतके दिवस दिसलं नव्हतं.

"चाल मंग," बाबा म्हणत होते, "उन्हात काहून उभी?"

ती खोलीच्या मधोमधच उभी होती, आणि बाहेरून कुणीतरी हळूच विचारत होतं, आत येऊ का... दार समोरच होतं. पण खोली केवढी मोठी झाली होती... ती चालत होती, आणि दार जवळ येत नव्हतं.