लंकाबाईची मिसरी

लंकाबाईने दाताला लावायची चिमूटभर मिसरी बाजरीच्या पिठात कालवली, त्याची गोळी केली आणि अंगणातल्या काळ्या कोंबडीपुढे टाकली. कोंबडीने ती एकाच टोचीत उचलली. लंकाबाई ओट्यावर बसून तिच्याकडे एकटक बघत राहिली. कोंबडी उकिरडा उकरून आली, पाणी प्यायली आणि दुपारी गोठ्यात जाऊन अंडे देऊन आली.

"कोंबडीला दातच न्हाईत," लंकाबाई स्वतःशी म्हणाली. "तिला काय हुनार."

दीड वर्षात तिचे पाच दात गेले होते. एकालाही कीड नव्हती. सहावा, खालचा पुढचा, जिभेने ढकलला की कुडाच्या दारासारखा हलत होता. तिचे वय अजून पन्नाशीच्या आतले. आणि चांगुणा सून होऊन घरात आली त्यालाही दीडच वर्ष झाले होते.

पहिल्याच महिन्यात मिसरी भाजायचे काम सुनेने आपणहून मागून घेतले होते. तंबाखूच्या धुराने तुम्हाला खोकला येतो, मी भाजते, मीच कुटते, असे ती म्हणाली होती. तेव्हा लंकाबाईला बरे वाटले होते. आता तेच सगळ्यांत जास्त खटकत होते. पूर्वी सकाळी मिसरी लावली की डोके हलके व्हायचे, कामाला तरतरी यायची. हल्ली उन्हे अंगणात येईपर्यंत बोट फिरवले तरी काही नाही. चव बदलली होती. त्यात चांगुणा भंडारदऱ्याकडची. लंकाबाईचा नवरा हयात असताना कालव्याच्या कामावर गेला आणि तिथेच मुलाची, बन्सीची, सोयरीक जमवून आला. डोंगरातल्या माणसांना झाडपाला, मुळ्या सगळे कळते, हे लंकाबाईने किती जणींकडून ऐकले होते.

बन्सी जेवायला आला तेव्हा तिने आवाज खाली न आणताच विषय काढला.

"हिला म्हायेरी घालव."

"कशापायी?"

"माझ्या मिसरीत ती कायतरी घालती. त्यानं दात चाललेत."

"दातापायी बायकू घालवू?"

"आज दात. उद्या आतडी."

बन्सीने घास तसाच हातात धरला. "घालती ह्ये कुनी बघितलंय? आधी खरं काय ते कळू दे, आई."

"आन खरं निघालं तर?"

त्याने घास ताटात परत ठेवला. मग भाकरीकडे बघत म्हणाला, "तर घालवतो."

आत चुलीपुढे भाकरी थापण्याचा आवाज थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला.

रविवारी लंकाबाई मिसरीची डबी कनवटीला खोचून एकटीच शेवगावच्या बाजाराला निघाली. बाजाराच्या कडेला लिंबाखाली खाजाभाई बसत असे. लढाईची चार वर्षे त्याने पलटणीत दाताच्या गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली काढली होती आणि लढाई संपल्यावर चिमटे, आरसा आणि एक लाकडी खुर्ची घेऊन तो गावी परतला होता. दुसरे दात काढणारे फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसत. खाजाभाईपुढे एकही दात नव्हता. हा माणूस कामाचा आहे की नाही, याचीच लंकाबाईला शंका आली. तरी ती खुर्चीत बसली.

त्याने उकळत्या पाण्यातून छोटा आरसा काढला, पुसला आणि तिच्या तोंडात घालून बराच वेळ पाहिले.

"मावशी, ह्यो हालतोय त्यो राहनार न्हाई. काढावा लागंल."

"बाकीचं?"

"बाकीचं राहत्याल. ऐकलंत तर."

दात फारसा त्रास न देता निघाला. खाजाभाईने तो तिच्या तळहातावर ठेवला.

"बघा. भोक न्हाई, कीड न्हाई. दात चांगलाच हाय. बांधावरचं झाड बघितलंय का, पावसानं माती वाहून गेल्यावर? तसं झालंय. हिरडी खाली गेली, मूळ उघडं पडलं. ह्ये पिवळं घट्ट किटण साठलंय, त्येनं हिरडी सुजती, रगत येतं. किती वर्सं मिसरी लावता?"

"लगीन झाल्यापास्नं."

"मग तिनंच खाल्ली हिरडी."

लंकाबाईने तोंडातला कापूस जिभेने एका बाजूला सारला आणि कनवटीची डबी काढून त्याच्यापुढे धरली. "मिसरी समद्याच बाया लावत्यात. माझ्यात काय घातलंय त्ये सांग."

खाजाभाईने चिमूट तळहातावर चोळली. वास घेतला. थोडी जिभेच्या टोकाला लावून थुंकला. मग एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूट टाकली आणि पेला उजेडात धरून बघत राहिला.

"भेसळ हाय," तो म्हणाला.

लंकाबाई ताठ बसली. तिला वाटले होते हे ऐकून राग येईल. पण आधी आले ते समाधान. "मला ठाव हुतं," ती म्हणाली. "कशाची?"

"कोळशाची. बाभळीचा कोळसा, मऊ वस्त्रगाळ केलेला. सोळा आन्यात चौदा आनं कोळसाच हाय. तंबाखू नावाला."

"आन त्येनं दात पडत्यात."

"कोळशानं? न्हाई, मावशी. तुमचं दात तंबाखूनं गेलं, धा-पंधरा वर्साखालीच त्येंची मुळं ढिली झाल्याली. ज्यानं कुनी ही भेसळ केली, त्यानं तुमची तंबाखू सोडवत आणलीय. तुमाला कळू न देता."

लंकाबाईने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "तू आमच्या गावात आल्तास का कदी?"

"न्हाई."

"चांगुणाला वळखतोस?"

"कोन चांगुणा?"

तिने डबी पुन्हा कनवटीला खोचली. तो बोटे धूत सांगत राहिला. मिसरी सोडा, मिठाच्या पाण्याने चूळ भरा, जेवल्यावर फटीत अडकलेले काडीने काढा, सकाळी बाभळीची काडी चावा. दातात बारीक भोक असेल तर दुखायची वाट बघू नका. नगरला चांदी भरतात, दात वाचतो. लोक दाढ सुजून डोळा बंद झाला की येतात, मग उपटण्यावाचून इलाज राहत नाही. लंकाबाईने सगळे ऐकले, पण परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सोळा आण्यात चौदा आणे. एवढे कुटायला, गाळायला बाईला किती वेळ लागला असेल, आणि तो तिने कधी काढला असेल.

घरी आली तेव्हा चांगुणा अंगणात तूर पाखडत होती. बन्सी रानात होता. लंकाबाईने डबी तिच्या सुपापुढे ठेवली.

"कोळसा घालतीस."

चांगुणाचे हात थांबले. ती नाही म्हणाली नाही.

"कवाधरनं?"

"आल्यावर दुसऱ्या म्हैन्यापास्नं. आदी चिमूट, मग वाढवत न्हेला."

"का?"

चांगुणा सुपातला खडा बोटाने चिवडत राहिली. "माझ्या आईला गालात आतल्या अंगाला फोड आल्ता, आत्याबाई. जिथं ती मिसरी धरायची तिथंच. त्यो भरलाच न्हाई. शेवटी पाणीबी गिळत नव्हती."

"मंग मला सांगायचं."

"ऐकलं असतं?"

लंकाबाईला खोटे बोलायचे होते. जमले नाही.

"बन्सी तुला घालवनार हुता," ती म्हणाली. "ऐकलंस न्हवं त्या दिवशी?"

"ऐकलं."

"तरी बोलली न्हाईस?"

"मी घालत हुतेच की," चांगुणा म्हणाली. "काय बोलनार?"

लंकाबाई खाली बसली. तोंडातली रिकामी जागा ठणकत होती. समोर सुनेचा चेहरा होता, दीड वर्षे रोज बघितलेला. पण तिने तो फक्त चोर शोधायला बघितला होता. आज पहिल्यांदाच तिला दिसले की डावा गाल उजव्यापेक्षा किंचित भरलेला आहे.

"आ कर."

"काय?"

"तोंड उगड. उजेडाकडं तोंड कर."

चांगुणाने भीत भीत तोंड उघडले. लंकाबाईने तिची हनुवटी धरून मान वर केली. डाव्या अंगाच्या दाढेत जोंधळ्याच्या दाण्याएवढे काळे भोक होते.

"ही कवाधरनं दुखतीय?"

"दुखत न्हाई तेवढी. गार पान्यानं कळ येती."

"आक्रीत पोरगी हाय. दुसऱ्याचं दात राखती." लंकाबाईने हनुवटी सोडली नाही. "बुधवारी सर्व्हिस मोटारीनं नगरला जायचं. भोक बारीक हाय तवर चांदी भरत्यात म्हनं, दाढ राहती."

"तुमी कशाला येताय एवढ्या लांब? त्येंच्यासंगं जाईन."

"बन्सीला काय कळतंय," लंकाबाई म्हणाली. "त्यो डाक्तर तुझ्या दाढंत काय घालतोय, त्ये मला सोत्ता बघायला लागंल."