एका सेकंदातले दोन निरोप

वसुधाच्या शेवटच्या दोन निरोपांचा क्रम उलटला होता, आणि तो कोणी उलटवला याबद्दल नरहररावांना शंकाच नव्हती.

त्यांचा फोन बंद पडला तेव्हा सून मंजूषाने स्वतः प्रोग्राम लिहून सगळे निरोप नव्या फोनवर आणले होते. तिथे आता आधी दिसत होतं, ‘नको, झोपू दे त्याला. रात्रपाळी करून आलाय.’ आणि त्याखाली, ‘समीरला बोलवा.’ म्हणजे वसुधाने शेवटी मुलाला बोलवा म्हटलं आणि नवऱ्याने बोलावलं नाही. समीर हॉस्पिटलात पोचला तेव्हा आई गेलेली होती.

नव्या फोनवर हे वाचल्यापासून चहात साखर कमी पडली तरी नरहररावांना त्यात सुनेचा डाव दिसे. शेवटी रविवारी दुपारी त्यांनी फोन तिच्यापुढे आपटला.

“माझ्यावर खापर फोडायला केलंस ना हे?”

“काय केलं, बाबा?”

“वेड पांघरू नकोस.”

मंजूषाने वाचलं आणि लॅपटॉप उघडला. वॉर्डात वसुधाच्या फोनला नेटवर्क नव्हतं. तिला तपासणीला बाहेर आणल्यावर दोन्ही निरोप एकाच सेकंदात सुटले होते.

“चूक माझीच आहे,” ती म्हणाली. “सेकंदाचा पॉइंटनंतरचा भाग प्रोग्राम चुकीचा वाचतोय. आत्ता दुरुस्त करते.”

“वा! उलटवणारी तूच, सुलटवणारी तूच.”

तिचा चेहरा उतरला. मग तिने लॅपटॉपच त्यांच्याकडे वळवला. “मी हात लावत नाही. ही जुन्या फोनची फाइल. तुम्हीच लावा क्रम.”

‘बोलवा’पुढे सेकंद होते ४१.१२. ‘नको’पुढे ४१.९.

नरहररावांची नोकरी बरखेड्याच्या कारखान्यात मापं घेण्यात गेली होती. “पॉइंट नऊ मोठा. नऊ म्हणजे नव्वद. ‘नको’ नंतरचं.”

“प्रोग्रामने नुसते नऊ आणि बारा धरले. म्हणून नऊ आधी.”

“आणि याचा तुला पगार देतात?”

“देतात, बाबा. गलती से.”

ते हसले नाहीत. फाइलही हिनेच बदलली असेल? पण आपल्याला अडकवायचंच असतं, तर हिने ती दाखवली कशाला असती?

आवाज ऐकून समीर दारात येऊन उभा होता.

“तू वाचलं होतंस हे?” नरहररावांनी विचारलं.

“हो. नवा फोन आला त्याच दिवशी.”

“आणि मला विचारावंसं वाटलं नाही?”

नरहररावांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

“आता वाच. मोठ्याने.”

समीरने पहिला निरोप वाचला. दुसरा मंजूषाला वाचावा लागला.