आठव्या गाण्यातला बेस

शिलाई मशीनला तेल घालता घालता मिस्त्रींनी मोकळा हात शेजारच्या स्पीकरवर ठेवला. लेकीने ‘दाढी’ या टोपणनावाच्या गायकाचा नवा अल्बम लावला होता. तिने तो न विचारता लावला होता आणि मिस्त्री ‘बंद कर’ म्हणाले नव्हते, हेच त्या घरात पुष्कळ झालं.

दाढी आणि मिस्त्री एकेकाळी एकाच बँडमध्ये होते. दाढी गायचा, मिस्त्री बेस गिटार वाजवायचे. मग एका रेकॉर्डिंगमध्ये दाढीने मिस्त्रींचा बेस गुपचूप पुसला आणि त्या जागी स्वतःच वाजवला. तेव्हापासून बावीस वर्षं दोघांत अबोला. मिस्त्री मशीन दुरुस्तीत पडले. दाढीने पुढचे सगळे अल्बम एकट्याने केले, सगळी वाद्यं स्वतः वाजवून.

हा अल्बम म्हणजे तर सगळा सावळागोंधळ होता. एक गाणं कानठळ्या बसवणारं, दुसरं अंगाईसारखं, तिसऱ्यात मध्येच ट्रम्पेट. मिस्त्रींच्या तळहाताखाली स्पीकर थरथरत होता. आठव्या गाण्याला तो थरथरायचा थांबला.

"हे परत लाव."

लेकीने लावलं. मिस्त्रींनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि दोन्ही तळहात स्पीकरवर टेकवले.

"यात बेसच नाही. विसरला गाढव! नंबर लाव त्याचा."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

पलीकडून दाढीने फोन उचलला. मिस्त्री नाव सांगायच्या भानगडीत पडले नाहीत.

"आठव्या गाण्यात बेस घालायचा राहिलाय तुझा."

"तुला कळलं?"

"बहिरा झालोय का मी?"

"महिना झाला रे अल्बम येऊन. एकानेही विचारलं नाही. पेपरात तर ‘धाडसी मांडणी’ म्हणून कौतुक छापलंय." मग दाढी हळूच म्हणाला, "राहिला नाही तो. वाजवला होता मी. मग पुसला."

"बरं. काम पडलंय मला," एवढंच म्हणून मिस्त्रींनी फोन ठेवला.

मग स्टुलावर चढून त्यांनी कपाटावरची लांबडी पिशवी खाली काढली. बेसच्या चार तारांपैकी तीन शाबूत होत्या.

"बाबा, मशीनवाल्या बाई संध्याकाळी येणार आहेत," लेक म्हणाली.

"त्यांना उद्या या म्हणावं."

त्यांनी तेलकट बोटं एकेक करून फडक्याला नीट पुसली.

"आठवं लाव."