कुंदा खणला कोणी

आमच्या गावच्या शाळेचे मास्तर खुशालराव माणूस भला, पण एकदा बोलायला लागला की थांबत नाही. परवा आमच्या ओसरीवर बसून सांगत होते, की फार पूर्वी माणूस रानात भटकत होता, कंदमुळं खात होता. मग त्यानं दाणा पेरला, तो एका जागी बसला, त्याचं गाव झालं, दाणा उरायला लागला, आणि त्या उरलेल्या दाण्यावर राजा, कारभारी, शिपाई सगळे उभे राहिले. हीच म्हणे सुधारणा.

मी तूर पाखडत होते. म्हटलं, "मास्तर, हे व्हायले किती वरसं लागले?"

"हजारो वर्षं, काकू."

"बरीच लागली मंग. आमच्या नाल्याकाठी तं चार वरसात उरकलं."

मास्तरांना वाटलं, म्हातारी थट्टा करते. थट्टा कशाची करू?

सत्यवती माझी लेक. अकोटला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली तशी ही आपलं गाठोडं घेऊन परत आली. रडली नाही, रडणारी पोर मी जन्माला घातली नाही. पण भावाच्या घरी बसून खायचं तिला जमेना. तिच्या ताटात भाकर पडली की माझ्या सुनेच्या, गोदाबाईच्या, बांगड्या जरा जास्तच वाजायच्या.

आमच्या वावराच्या टोकाला नाल्याकाठी एक तुकडा पडीत होता. माती काळीभोर, पण सगळा कुंदा. वरून कापलं तर दुसऱ्या पावसाला दुप्पट येतं असं ते गवत. मुळं हातभर खोल. माझ्या सासऱ्यानं तिथं नांगर मोडून घेतला, तेव्हापासून आमच्या घरच्या पुरुषांनी तिकडं पाठ केली होती. कागदावर जागा आमची, पण वस्ती विंचवांची.

"दादा, तो तुकडा मी करतो," सत्यवती म्हणाली.

माझा थोरला, देवीदास, बैलांना पाणी दाखवत होता. "घे नं. कुंद्याची भाजी करशीन काय?" म्हणाला, आणि गडीमाणसंसुद्धा हसली.

तिनं खणायची सब्बल आणि खुरपं घेतलं आणि उन्हाळाभर कुंदा खणला. एकेक मूळ हातानं ओढून वाळत घातलं आणि जाळलं. पहिल्या पावसात वाल, अंबाडी, भोपळा लावला. दुसऱ्या वर्षी ज्वारी. रानडुकरं यायला लागली म्हणून बोराट्यांचं कुंपण घातलं, राखण करायला झोपडी बांधली आणि तिथंच राहिली. गावात एकटी पडलेली तानुबाई तिच्या सोबतीला गेली. चूल मांडली, शेणानं लिपून कणगी उभी केली. कापणीच्या आधी दोघी तासातासानं, ओळीओळीनं, फिरून भरलेली कणसं बियाण्याला बाजूला काढायच्या. मास्तर म्हणतात ते एका जागी बसणं हेच असेल, तर मी ते डोळ्यांनी पाहिलं.

दोघी पिकवत होत्या तेवढं खात होत्या, तोवर तिकडं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी पाऊस तोंडावर आला तरी कणगी अर्धी भरलेली होती. मग मात्र देवीदासला बहिणीची आठवण व्हायला लागली. सकाळी जायचा, धुऱ्यावर, दोन्ही वावरांमधल्या बांधावर, उभा राहायचा, मातीचं ढेकूळ हातात चुरायचा.

आणि तेव्हाच सत्यवतीला हौस आली. कडेचा उरलासुरला कुंदाही काढायचा, तुकडा वाढवायचा. पण कंबर राहिली नव्हती. आमच्याकडं बाईनं नांगराच्या रुमण्याला हात लावला तर पाऊस पळतो म्हणतात. बाईनं दिवसभर वाकून निंदावं, वेचावं, कापावं, त्यानं पाऊस पळत नाही. रुमणं धरलं की पळतो.

"दादाले एक दिवस औत मांगतो," ती म्हणाली.

"खुरप्यानं होते तेवढंच कर. त्याचं औत बलावू नको."

"काहून? दादा काय परका हाय?"

"परका असता तं मजुरी घेऊन घरी गेला असता."

तिनं ऐकलं नाही. देवीदासला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ज्या जागेवर बापजाद्यांचा नांगर मोडला, तिथं त्याचा नांगर लोण्यात चालावा तसा चालला. तिनं खणलेल्या मातीत मुळं उरली होती कुठं? बैल वळत नाहीत म्हणून बोराट्या काढून फेकल्या. मधला धुरा मोडला. संध्याकाळी आमचं वावर आणि तिचा तुकडा कुठं वेगळा होतो ते दाखवता आलं नसतं.

पेरणीच्या तोंडावर त्यानं तिथं सरकीची पोती नेऊन टाकली.

"हे कोनाचं पेरून राहिला तू?" मी विचारलं.

"आपलं."

"आपलं म्हंजे कोनाचं?"

"माय, वावर मायं, बैल माये, नांगर म्या चालवला. बाईमानसाची कुठं शेती असते काय? सत्यी घरचीच हाय. तिले भाकर नाई कोन म्हनते?"

मी पाटलाकडं गेले. जानराव पाटील, मी त्याला शेंबडा पाहिलेला. चार जणांसमोर त्यानं मला विचारलं, "नांगर कोनाचा चालला, पार्बताबाई?"

"नांगराच्या आधी सब्बल कोनाची चालली ते इचार."

"सब्बलीनं शेती होते काय? ते तं खोदनं झालं."

चौघांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "तुमच्या आज्यांनी खोदलं नसतं, तं तुमी अजून बोरं वेचत फिरले असते." त्यांना उत्तर द्यायची गरजच नव्हती.

पण माझ्या हातात एक गोष्ट होती. पेरणीची तिफन पुरुष हाकतो, तरी मागं सरते, बियाण्याची नळी, धरून त्यात मुठीनं बी सोडते ती बाई. बाईच्या मुठीशिवाय पेरणी नाही. मी घरात सांगितलं, या वावरात जी सरते धरेल तिनं माझ्या चुलीपाशी येऊ नये. गोदाबाईसुद्धा वावराकडं फिरकली नाही. गावातल्या बायांनाही माझी जीभ माहीत होती. सारा दिवस तिफन उभी राहिली आणि देवीदास बैलांवर खेकसत राहिला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी गेले, तर तिफन चालू. मागं ओटीत सरकी घेतलेली बाई. सत्यवती.

"तुले काई लाज?" मी ओरडले.

"माय, दादा तिवसा गावाहून बाया आननार होता. त्याहिनं कुठं दाट टाकलं असतं, कुठं पातळ. हे माती मले मालूम हाय."

"ते आता तुयी नाई वं."

"मालूम हाय," ती म्हणाली. तिफन थांबत नव्हती, म्हणून तीही थांबली नाही.

पुढून देवीदास म्हणाला, "सत्ये, मूठ आवळ. सरकी फुकटची नाई." तिनं मूठ आवळली.

मी जाऊन बैलांच्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, घाल माझ्या अंगावर. देवीदासनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कासरा ओढला, बैल मला वळसा घालून गेले आणि पुढं पुन्हा तासाला लागले. माझ्या पायांभोवती हातभर जागा रिकामी राहिली. मी मनात म्हटलं, एवढी तरी राहिली.

मागून सत्यवती आली. रिकाम्या जागेकडं तिनं पाहिलं. पेरलेल्या वावरात मोकळं ठिकाण तिला कधी बघवलं नाही. ती खाली वाकली, बोटानं माती उकरली, ओटीतले चार दाणे काढले.

"माय," ती म्हणाली, "पाय उचल."

मी पाय उचलला.