सामानाजवळ कोण बसणार?

होल्डॉल म्हणतात मला, मित्रांनो, म्हणजे प्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून न्यायची जाड कापडी वळकटी, आणि माझा स्वभाव जरा तापट आहे. सध्या बोईसरजवळच्या सरावलीत, रामकिसनच्या खोलीत, वरच्या फळीवर, जुन्या गोधड्यांखाली पडून असतो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडलाय. पण माझा राग उंदरांवर नाही. त्यांना दात आहेत, ते कुरतडणारच. माझा राग एका सहलीवर आहे. तिची हकिकत कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म शिरगावचा. किल्ल्याच्या जवळच धर्माजी नावाचा माणूस होड्यांची शिडं शिवायचा. त्याच्या बापानेही आयुष्यभर तेच केलं होतं. पण होड्यांना इंजिनं बसायला लागली आणि धर्माजीचं काम निम्म्यावर आलं. अशात एका रविवारी हा रामकिसन किल्ला बघायला म्हणून आला आणि धर्माजीच्या अंगणात थबकला. रामकिसन परभणीकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो पाइप जोडायच्या कामावर फिटर होता. त्याने ते जाड, दणकट कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचा एक होल्डॉल शिवून द्या. आम्हाला लांबच्या प्रवासाला जायचंय."

धर्माजीने जन्मात होल्डॉल शिवला नव्हता. त्याच्या हाताला एकच माप ठाऊक, शिडाचं. त्यामुळे मी असा काही अगडबंब झालो की विचारू नका! दोन गाद्या, तीन उशा, चार पांघरुणं गिळूनही माझं पोट रिकामंच. रामकिसन न्यायला आला तेव्हा म्हणाला, "कुलूप लावायला कडी नाही बसवली?"

धर्माजी हसायलाच लागला. "शिडाला कंदी कुलूप लावतात काय? पट्टे आवळा नि जा बिनघोर. आमी शिवलंय, फाटनार नाय."

फाटलो नाही, हे खरं. पण त्या एका कडीपायी जे रामायण घडलं, ते आता ऐका.

सहलीची कल्पना मुळात उषाची, म्हणजे रामकिसनच्या बायकोची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षं ती एकच गोष्ट मागत होती. दागिना नाही, साडी नाही. "एकदा ताजमहाल दाखवा." कुणाकडून तरी तिने प्रवासाचं एक पुस्तक मिळवलं होतं. त्यातला अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, आग्रा हा सगळा भाग तिला तोंडपाठ होता. कोणत्या राजाने काय बांधलं, कुठल्या दरवाजाला किती कमानी, झोपेत उठवून विचारलं तरी सांगेल. शेवटी सदुसष्टच्या दिवाळीनंतर रामकिसनला पंधरा दिवसांची रजा मिळाली. तो म्हणाला, "आईलाही नेऊ. आणि धावपळ नको. एकेका शहरात तीन-तीन दिवस, अगदी निवांत."

निवांत! हा शब्द ऐकला की अजूनही माझे पट्टे आपोआप आवळतात.

आई म्हणजे गोजराबाई. बाई प्रेमळ, पण सामान भरायला लागली की तिला आवरणार कोण? माझं रिकामं पोट पाहून तिला चेवच चढला. दशम्या, लसणाची चटणी, तांदूळ, स्टोव्ह, परात, पाट्याशिवाय चटणी होत नाही म्हणून छोटा पाटा-वरवंटा! मित्रांनो, ताजमहाल बघायला कुणी पाटा-वरवंटा नेतं का? बोईसर स्टेशनवर दोन हमालांनी मला उचललं आणि दोघांनीही कंबर धरली. उषा मात्र हसत होती. प्लॅटफॉर्मवर तिने माझ्यावर प्रेमाने थाप मारली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! वाटलं, मी हिची मोठी इच्छा वाहून नेतोय.

अहमदाबादला उतरलो. धर्मशाळेत उतरायचं आणि सामान स्टेशनच्या सामानघरात ठेवून फिरायचं, असा बेत होता. सामानघरातल्या बाबूने मला वरून खाली पाहिलं आणि मान हलवली. "ताला नहीं? बिना ताला सामान नहीं लेंगे." झालं! धर्मशाळेत तर एकच मोठा सोपा, पन्नास माणसं पथारी पसरून बसलेली, कुलपाचं नावच नको. रामकिसनने डोकं खाजवलं आणि तो प्रश्न विचारला, जो मी त्या पंधरा दिवसांत शंभरदा ऐकला.

"सामानाजवळ कोण बसणार?"

उषा म्हणाली, "तुम्ही दोघं आधी बघून या. मग मी जाते."

ती दोघं झुलते मिनार बघायला गेली. उषा माझ्यावर बसली आणि तिने पुस्तक उघडलं. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. निवांत फिरायचं ठरलं होतं ना! निवांतपणा सगळा जाणाऱ्याच्या वाट्याला, हे मला त्या दिवशी कळलं. परत आल्यावर गोजराबाई धापा टाकत सांगायला लागली, "अगं, एक मिनार हलवला की दुसरा बी हलतो! माझं तं काळीजच उडालं."

दुसऱ्या दिवशी उषाची पाळी होती. रामकिसन तिला घेऊन निघाला आणि गोजराबाई माझ्यावर बसली. दहा मिनिटांत तिला डुलकी लागली. एक कुत्रं आलं, त्याने सरळ माझ्या पोटात तोंड घातलं आणि दशम्यांचं गाठोडं पळवलं. गोजराबाईने असा आरडाओरडा केला की ती दोघं रस्त्याच्या कोपऱ्यावरूनच धावत परत आली. तेव्हापासून आईच्या राखणीवर रामकिसनचा भरवसा उडाला.

मग रामकिसनने स्वतः बसावं की नाही? तेही नाही. "परक्या गावात दोघी बायकांना एकटं कसं सोडू?" म्हणजे आई बसायची नाही, कारण ती झोपते. तो बसायचा नाही, कारण बायका एकट्या कशा जातील? राहिली कोण? मला हातपाय असते ना, तर मी उठून दारातून चालता झालो असतो!

उदयपूरला ती दोघं सरोवरातून नावेत बसून फिरून आली. गोजराबाई सांगत होती, "पाण्याच्या मधोमध केवढं पांढरं घर!" उषाने हळूच विचारलं, "त्या महालाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात का, आत्याबाई?" गोजराबाईला आठवेना. रामकिसनलाही आठवेना. पाहिलं त्यांनी, आणि नाव, गाव, कुणी बांधलं हे सगळं समजावून सांगितलं न पाहिलेल्या उषाने. मला इतकं कसंनुसं झालं, काय सांगू. आणि ही बाई! एकदा तरी तोंड उघडून म्हणावं की नाही, "आता मी जाणार, तुमचं तुम्ही बघा"? पण नाही. ती आपली म्हणायची, "राहू दे. जयपूरला बघीन."

जयपूरला तर माझ्या हातूनच पाप घडलं. आम्ही टांग्यातून चाललो होतो. रस्त्यावरच हवामहल आहे, तेवढा तरी टांग्यातून दिसेल म्हणून उषा पदर सावरून बसली होती. पण तिच्या आणि रस्त्याच्या मधे कोण होतं? मी! माझं हे शिडाच्या मापाचं धूड! गोजराबाई ओरडली, "बघ, बघ, केवढ्या खिडक्या!" उषाने माझ्यावरून मान उंच केली, बाजूने वाकून पाहिलं, मला दोन्ही हातांनी दाबलं. तोवर टांगा पुढे गेला होता. टांगेवाल्याला थांबव म्हणायला रामकिसनला सुचलंच नाही. पुढचे तीन दिवस आमेरचा किल्ला, हत्ती, राजवाडा, सगळं त्या दोघांनी पाहिलं. उषाने धर्मशाळेच्या भिंतीवरचा चुना पाहिला.

आता उरला ताजमहाल. आग्र्याला मात्र रामकिसनने शपथ घेतली. "सकाळी सातला आईला नेतो, दहाला परत. मग आईला ह्या नागपूरच्या मंडळींजवळ बसवू आणि आपण दोघं जाऊ. गाडी पाचची आहे, वेळच वेळ." धर्मशाळेत शेजारी एक नागपूरचं कुटुंब उतरलं होतं, त्यांनीही हो म्हटलं. उषाने माझ्या तळातून हिरवी जरीकाठी साडी काढली. सगळ्या प्रवासात ती एकदाही नेसली नव्हती. न्हाली, वेणी घातली, साडी नेसली आणि नऊपासून माझ्यावर बसून राहिली. त्या दिवशी तिने पुस्तक उघडलं नाही. नुसती दाराकडे बघत होती.

दहा वाजले, अकरा वाजले. एकच्या सुमाराला नागपूरची मंडळी त्यांच्या गाडीला निघून गेली. जाताना त्यातली बाई म्हणाली, "आले नाहीत वाटतं अजून?" उषा म्हणाली, "येतीलच."

ती दोघं आली साडेतीनला. गोजराबाईचा चेहरा नुसता फुलला होता. "लई गार दगड गं बाई! म्या तं तिथंच पाय पसरून बसले. उठावंच वाटंना." रामकिसन म्हणाला, "आईला इतका आनंद झाला होता, घाई कशी करू?" मग त्याने घड्याळ पाहिलं. उषा उठली. आडोशाला जाऊन साडी बदलली, नीट घडी करून माझ्या तळाशी ठेवली आणि माझे पट्टे आवळायला घेतले. इतके जोरात आवळले की एका बकलाचा काटा मोडला. मित्रांनो, तो काटा मोडल्याचं मला मुळीच दुखलं नाही. आणखी चार मोडले असते तरी चाललं असतं.

गाडी सुटल्यावर तिने समोरच्या प्रवाशाला विचारलं, "गाडीतून ताजमहाल दिसतो का हो?"

"दिखता है बहनजी, लेकिन यमुना के पुल वाली गाड़ी से। यह तो उल्टी तरफ जाती है।"

तिने खिडकी बंद केली.

सरावलीला परतलो तेव्हा शेजारपाजार जमला. रोज लाकडाची मोळी घेऊन येणारी बायडीही मोळी टाकून उंबऱ्यात बसली. तिच्या पाड्यावरून कुणी पालघरच्या पुढे गेलं नव्हतं. रामकिसन रंगात येऊन सांगत होता. मिनार, नाव, हत्ती, ताजमहाल. सगळे आ वासून ऐकत होते. बायडीने एकदम उषाकडे वळून विचारलं, "नि तुला गं काय आवडलं? तू नाय बोलत काय?"

उषाच्या आधी रामकिसनच बोलला. "हिला विचारूच नका! मिनार हलायला लागला तर अशी घाबरली, माझा दंड सोडीना."

"त्या आत्याबाई होत्या," उषा म्हणाली.

रामकिसन हसला. "अगं, नाही. बरं, ताजमहालात तरी? त्या गार फरशीवर तूच..."

"मी सामानाजवळ होते."

"उदयपूरला, नावेत?"

"सामानाजवळ."

रामकिसनचं हसू थांबलं. मी त्याचा चेहरा जवळून पाहत होतो, मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की उषा सगळीकडे बरोबर होती. तो एकेक जागा आठवून पाहत होता आणि एकेका जागेवरून ती नाहीशी होत होती. बायडी पुटपुटली, "मंग कशाला नेलीव हिला?"

गोजराबाईने डोळ्याला पदर लावला. "पोरी, बोलली का नाहीस गं?"

वा रे वा! पंधरा दिवसांनी विचारतेय! मला असा संताप आला की माझी शिवणच उसवायची. पण उषा शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारत होतात की सामानाजवळ कोण बसणार. ताजमहाल कुणाला बघायचाय, असं कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर मला फळीवर टाकलं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवासाचं निघालं. आग्र्याइतकी रजा मिळणार नव्हती, म्हणून औरंगाबाद आणि दौलताबाद. या खेपेला गोजराबाईनेच फर्मान काढलं, प्रत्येकाने आपल्या हाताला पेलेल अशी एकच पिशवी घ्यायची. पाटा-वरवंटा घरीच राहिला आणि मीही. मला न्यायचं का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकं दणकट अंग असून उंदरांच्या सोबतीला पडायचं म्हणजे काय! आठ दिवस मी फळीवर धुसफुसत होतो. वाटत होतं, पिशव्या झाल्या म्हणून काय झालं, हिला बसवलं असेल कुठल्या तरी पायरीवर.

ते परत आले आणि पुन्हा शेजार जमला. रामकिसन सांगायला लागला, "किल्ल्यावर एक तोफ आहे, तिचं तोंड मेंढ्याचं."

"तोंड नाही, मागची बाजू मेंढ्याची," उषा म्हणाली.

गोजराबाई म्हणाली, "न्हाई गं, तोंडच होतं."

"काही तरीच काय, आत्याबाई! तुम्ही तर दम लागून खालच्या बुरुजावरच बसलात. मी वर जाऊन हात लावलाय तिच्या शिंगांना. उन्हाने इतकी तापली होती, हात भाजला माझा!"

आणि तिने तळवा पुढे करून सगळ्यांना दाखवला. बायडीने तो आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. सासूसुनेचं भांडण चांगलं चहा होईपर्यंत चाललं. उषाने हार मानली नाही. फळीवर पडल्या पडल्या मी एकेक शब्द ऐकत होतो, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझा राग जरा उतरला.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. तुम्ही कुठे फिरायला जाल तेव्हा मागे वळून बघा, सामानाजवळ कोण बसलंय. जे कुणी बसलं असेल त्याला हाताला धरून उठवा आणि बरोबर घेऊन जा. आम्ही चोरीला गेलो, तर दुसरे शिवून मिळतात.